फाटकाचा दावा आणि माझं पाच पानी उत्तर

हसायचं असेल तर खुशाल हसा, मी काही मनावर घेणार नाही. जो माणूस कोर्टात जाऊन स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेऊन आलाय, तो आणखी काय मनावर घेणार?

नरपडला आमची चिकूची वाडी आहे. तिच्या कडेने एक पायवाट जाते, थेट मागच्या वसंतकाकांच्या घरापर्यंत. त्या वाटेवरच आम्हाला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. बायकोने तर पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलेलं! म्हणून मी तिथे फाटक बसवलं आणि कुलूप ठोकलं. काका दोनदा बोलायला आले. "जागा माझी आहे, काका," एवढंच मी म्हटलं. तिसऱ्यांदा काका आले नाहीत, कोर्टाचा बेलीफ आला.

दाव्याची नक्कल वाचली आणि माझं डोकंच फिरलं. फाटक, कुलूप, वाटेचा हक्क, ते सगळं ठीक होतं हो. पण चौथ्या परिच्छेदात लिहिलेलं, "प्रतिवादी हा पहिल्यापासून आडमुठा असून शेजाऱ्यांची अडवणूक करतो." पहिल्यापासून? आम्ही?

"अहो, वकील बघा," बायको म्हणाली.

"कशाला? गावातले सगळे अर्ज कोण लिहितं? मीच ना?"

"ते रेशनकार्डाचे हो!"

पण ऐकतो कोण! उत्तर द्यायला तीस दिवस होते, आणि त्या तीस दिवसांत मला एका जागी म्हणून बसवेना. जेवताजेवता उठायचो, ओटीवर येरझाऱ्या घालायचो, वाक्य सुचलं की उष्ट्या हाताने आत धावायचो. बायको म्हणायची, अहो निदान भात तरी संपवा.

पाच पानं झाली. आणि लिहिलं काय? आमच्या घराण्याचा मोठेपणा! "वादीचं कुटुंब आमच्या आजोबांच्या काळापासून, चाळीस वर्षं, या वाटेने दिवसाढवळ्या जात-येत आहे. त्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही आणि आम्ही त्यांना कधी अडवलं नाही."

बरं, नुसतं लिहून भागतंय का? पुरावा नको? काकांच्या मुलीची वरात आमच्या वाडीतून गेली होती, तिचा फोटो जोडला. तरी जिवाला चैन पडेना. मग काकांच्या शेजारच्या म्हाताऱ्या मासळीवालीला रिक्षात घालून डहाणूला नेलं आणि तिचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, की ही वाट सगळ्यांचीच समजून आम्ही जन्मभर वापरली. घ्या! आता म्हणा आडमुठा!

तारखेला न्यायाधीश मॅडमनी पाचही पानं शांतपणे वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"हे कुणी लिहून दिलं तुम्हाला?"

"कुणी नाही मॅडम, स्वतः लिहिलंय!"

"आणि सही तुमचीच?"

"प्रत्येक पानावर, मॅडम!"

काकांचे वकील उभे राहिले. एवढी जाडजूड फाईल घेऊन आले होते बिचारे, ती उघडलीसुद्धा नाही. "वीस वर्षं उघडपणे, न विचारता, विनाअडथळा वापर असला की वाटेचा हक्क मिळतो. आम्हाला तेवढंच सिद्ध करायचं होतं. प्रतिवादींनी चाळीस वर्षं लिहून दिली आहेत. शिवाय फोटो आहे आणि साक्षीदारही त्यांनीच आणलाय."

"मॅडम, अहो, ते मी आमच्या चांगुलपणाबद्दल लिहिलंय!"

"एवढे चांगले आहात, तर मग कुलूप का लावलंत?"

याचं उत्तर पाच पानांत कुठेच नव्हतं! दाव्याचा निकाल लागेपर्यंत फाटक उघडं ठेवायचा हुकूम झाला. खोल्या राहिल्या बाजूला. घरी बायकोने पडद्याचं कापड घडी करून ट्रंकेत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्याच वाटेने आले. मला वाटलं, आता टोमणा मारणार. पण ते ओटीवर टेकले, चहा घेतला आणि जरा चाचरत म्हणाले, "दिनू, एक काम होतं रे. तळासरीला माझ्या मेव्हण्याने शेजाऱ्यावर दावा लावलाय."

राग विसरून मी सावरून बसलो. "मग द्या की कागद! लिहून देतो त्याचं."

"त्याचं नको रे बाबा!" काका घाईघाईने म्हणाले. "त्या शेजाऱ्याला उत्तर लिहून देशील का?"