पितळी की निकेलची

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळून बनियनवर आलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर डावा गाल झोपलेला, उजवा जागा. बायको चहा घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझी पँट होती.

"चाला दवाखान्यात," एवढंच म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, पण मेंदूचा नाही, चेहऱ्याच्या नसेचा. बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो, काहींचा थोडा राहून जातो. गोळ्या लिहिल्या, डोळ्यात टाकायचे थेंब दिले, आणि व्यायाम सांगितला: गाल फुगवा, ओठांचा चंबू करा, शीळ घाला. मी विचारलं, "बासरी वाजवू का?" उच्चार असा निघाला की त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं सांगितल्यावर म्हणाले, "पाहा वाजवून."

आमच्या बुद्धविहाराचं गाण्याचं मंडळ आहे. त्यात मी अठ्ठावीस वर्षं बासरी वाजवत होतो. बासरीला दोन्ही ओठ लागतात, फुंकीला धार लागते. घरी येऊन फुंकून पाहिली तर अर्ध्या तोंडानं नुसती हवा जात होती. बायको स्वयंपाकघरात होती, तिनं भांड्यांचा आवाज बंद केला होता. मी बासरी पिशवीत घातली आणि चपला घालून बाहेर पडलो. आमच्या सिंदी मेघेच्या गल्ल्यांतून तासभर चालत राहिलो, कुठं जायचं होतं म्हणून नाही.

त्या महिन्यात मला बसवतच नव्हतं. मी भूकरमापक आहे, शेतांच्या हद्दी मोजतो, ऑफिस सेलूला. डावा डोळा मिटत नसे, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून मोटारसायकल चालवायचो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजारी शेजारी भांडत असले की मी मोजणीचं मशीन बंद करून बाजूला चालत जायचो. जेवताना उठायचो, टीव्ही लावून बंद करायचो. बायको मला पाहून पाहून थकली होती.

मंडळाचा ढोलकीवाला माझा जुना मित्र, पोस्टातून रिटायर झालेला. तो भेटायला आला. "वैशाख पौर्णिमेचा कार्यक्रम हाय, भाऊ. तवापर्यंत होते तुयं. आन नाईच झालं त फिकर नको करू, कीबोर्डात बासरीचा आवाज राह्यतेच आता."

तो मला धीर द्यायला आला होता. मी मात्र त्याला फाटकापर्यंत सोडायलाही गेलो नाही.

त्याच आठवड्यात मोबाईलवर मला ती शिट्टी सापडली. बाहेरच्या देशातली, धातूच्या नळीची, तोंडाशी प्लास्टिकची चोच. बासरीसारखी आडवी धरायची नाही, सरळ तोंडात धरून फुंकायचं. धार शिट्टीच काढते, ओठांनी नुसतं धरायचं. बासरीसारखीच सहा भोकं. आमची गायिका पांढरी पाच या पट्टीत गाते, आणि ही शिट्टी वरची तीन भोकं झाकली की नेमका तिचाच सा देते. बोटं तीच, फक्त तोंड वेगळं.

पण ती दोन प्रकारांत मिळत होती. पितळी आणि निकेलची.

मी वाचायला लागलो. जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी यावर लिहून ठेवलंय. एक म्हणतो, पितळीचा आवाज उबदार. दुसरा म्हणतो, निकेलचा चमकदार, गर्दीत ऐकू जातो. तिसरा म्हणतो, वेड्यांनो, नळी दोन्हींची पितळेचीच, एकीवर फक्त निकेलचा मुलामा आहे, फरक तुमच्या कानात आहे. मी तिघांचंही खरं मानत गेलो. शेवटी दोन्ही मागवल्या. एक दहा दिवसांत परत करता येत होती.

आल्या तेव्हा पितळी मी आधी उचलली, चोच ओठांच्या उजव्या कोपऱ्यात, जिवंत बाजूला धरली आणि फुंकलं. सूर निघाला. उंच, बारीक, पण सूर. महिन्याभरानं माझ्या फुंकीला आवाज आला होता. बायको दारात येऊन उभी राहिली. मी वर पाहिलं नाही, कारण डाव्या डोळ्यातून तसंही पाणी यायचं आणि आता ते कशाचं हे मला सांगायचं नव्हतं.

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण मी निवडायला बसलो.

सकाळी पितळी बरी वाटायची, संध्याकाळी निकेलची. न्हाणीघरात वाजवल्या, गच्चीवर वाजवल्या. सेलूच्या एका शेतात जेवणाच्या सुट्टीत निंबाखाली उभा राहून दोन्ही वाजवल्या, शेतकरी लांबून पाहत राहिला. पितळीनं बोटांना वास यायचा, एसटीचा दांडा धरून आल्यावर येतो तसा. निकेलची दिसायला देखणी, पण मार्चच्या उन्हात घामेजली बोटं तिच्यावरून सरकायची. एकदा वाटायचं झालं ठरलं, आणि पायऱ्या उतरेपर्यंत मन फिरलेलं असायचं.

ढोलकीवाल्याला बोलावलं. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि आळीपाळीनं वाजवल्या.

"आता कोणती?"

"पितळी."

"नाही, निकेलची. आता?"

"निकेलची."

"ती पितळी होती. ही?"

तो वळून बसला. "दोन्ही मले कुकरच्या शिट्ट्या वाटतेत, भाऊ. कोनतीबी घे, पन तालमीले ये."

मग मीच भिंतीकडे तोंड केलं आणि त्याला एकेक सूर फुंकायला लावला. मलाही ओळखता आलं नाही. पटायला हवं होतं, पण मी म्हणालो की त्याला फुंकता येत नाही म्हणून फरक कळला नाही.

आठव्या दिवशी सुट्टी होती; दुपारच्या जेवणाला बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली. "एक सांगू का? तुमी शिट्टी नाई निवडून राह्यले."

"मग काय करतोय?"

"दिवस ढकलून राह्यले. एक ठेवली का मंग वाजवा लागन. तालमीले जा लागन. लोकं तोंड पाह्यतीन."

मी ताटावरून उठलो. मोटारसायकल काढली, रणरणत्या उन्हात बरंच लांब गेलो आणि तसाच परत आलो. ती तिथंच बसली होती. ताट झाकून ठेवलं होतं. मी जेवलो. ती बरोबर बोलली होती, म्हणूनच राग गेला नाही.

नवव्या दिवशी बोटं खाजायला लागली. टोकांवर लाल पुरळ. बायकोनं हात उजेडात धरून पाहिले. "तळेगावच्या मह्या बहिनीले नकली बांगड्यानं असंच होते." त्वचेच्या डॉक्टरांनीही पाहताच विचारलं, निकेलचं काही हाताळता का? म्हणजे ठरलं. पितळी ठेवायची, निकेलची परत.

मोकळं वाटायला हवं होतं. मला मात्र फसवल्यासारखं झालं. इतके दिवस मी निवडत होतो आणि निवाडा कातडीनं दिला. आणि त्याच क्षणापासून निकेलचीच खरी चांगली होती, असं वाटायला लागलं.

दहाव्या दिवशी मोजणी रद्द झाली आणि मी दुपारीच घरी आलो. फाटकाशी गाडी बंद केली तर आतून शिट्टी ऐकू आली. आमच्याच मंडळाचं गाणं, त्याचा अंतरा. फुंक सरळ, कुठं गळत नव्हती. ओट्यापाशी बायको उभी होती, निकेलची शिट्टी ओठांच्या अगदी मधोमध.

मला पाहून तिनं ती पदरात झाकली.

"कवापासून?" मी विचारलं. रागाच्या भरात माझी भाषाही तिच्यासारखी झाली.

"तुमी हापिसात गेले का, रोज."

"कोणी शिकवलं?"

"अठ्ठावीस वर्सं ऐकून राह्यली मी. बोटं पाठ हायत मले."

"मग बासरी कधी का मागितली नाहीस?"

"तुमच्या हातातून सुटली कवा थे?"

मला तिचा हेवा वाटला, हे मी लपवत नाही. धड ओठांचा हेवा. तेवढ्यात परत न्यायला येणाऱ्या माणसाचा फोन आला. ती माझ्याकडे पाहत होती. मी त्याला सांगितलं, "येऊ नका. परत करायची नाही."

एप्रिलभर आम्ही दोघं तालमीला गेलो. मी पितळी घेऊन, ती निकेलची. तिच्या बोटांना काही झालं नाही. ज्यांना तोंड पाहायचं त्यांनी पाहिलं, मग ढोलकी सुरू झाल्यावर पाहणं थांबलं. कार्यक्रमात मी दोन गाणी वाजवायची आणि ती एक, असं ठरलं. "स्टेजवर मले नाई जमनार," असं ती शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत होती.

माझं पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्यात ओठ थकले, चोचीच्या बाजूनं हवा सुटायला लागली आणि अर्ध्यातून मी थांबलो. कीबोर्डनं पुढचं सांभाळलं. तिसऱ्याला ती उठली. दोन ठिकाणी चुकली. ते मलाच कळलं असावं, कारण टाळ्या माझ्यापेक्षा जास्त पडल्या. खाली उतरल्यावर ढोलकीवाला म्हणाला, "वहिनीले फुडच्या वर्सी दोन गानी द्या." मी हो म्हणालो. घरी येताना गाडीवर तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि बोटं मधूनमधून हलत होती, तालात.

आता डोळा पूर्ण मिटतो. हसलो तर अजून तिरकं दिसतं. बासरीचे खालचे सूर येतात, वरचे येत नाहीत.

मागच्या रविवारी ती म्हणाली, "बासरी द्या एकडाव."

"तिला वेगळी फुंक लागते."

"मंग शिकवा."

मी पिशवीतून काढून दिली. तिनं बरीच फुंकली, नुसती हवा गेली. मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली, आणि मी तिच्याजवळ सरकून बासरी थोडी बाहेरच्या अंगाला वळवली. "खालचा ओठ भोकाच्या काठावर टेकव. दाबू नको. आता हळू."

तरी आवाज आला नाही. ती म्हणाली, परत सांगा.