छपराखाली न बोलायची गोष्ट

"जरा दोन पावलं नाचून दाखव. लाजू नकोस."

प्राध्यापक सर मला म्हणाले. मी सदतीस वर्षांची बाई. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये ड्यूटी करते. पहिली पाळी संपवून तशीच आले होते, पायात ड्यूटीचे जड बूट. नाशिकमधला सरांचा फ्लॅट. शेजारच्या खुर्चीत माझा बा, पेठकडच्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीने आलेला.

आणि मी नाचले. हे लिहितानाही तोंड कडू होतं. गुळगुळीत फरशीवर, बूट घालून. ढोलाचं वाजप नाही, हातात हात धरायला बाया नाहीत. सरांची विद्यार्थिनी कागदावर काहीतरी लिहीत होती. बा फरशीकडे बघत होता.

का नाचले? माझा जमातीचा दाखला पडताळणीत फेटाळला होता. मी हायकोर्टात गेले. तिथे सरकारी बाजूने तज्ज्ञ म्हणून सरांचा अहवाल मागवलेला. आमच्या जमातीवर पुस्तक लिहिलेले मोठे विद्वान. ते 'आहे' म्हणाले तर मी आहे. 'नाही' म्हणाले तर नोकरी जाणार. जमातीचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही. परत कुणीतरी वही घेऊन तपासायला बसायचा.

मग सरांनी बाला विचारलं, "मयत झाल्यावर तुमच्यात काय काय करतात? क्रमाने सांगा."

आमच्यात मयताचे विधी छपराखाली बोलत नाहीत. जित्या माणसांच्या घरात तर नाहीच. बोलायचेच तर पाण्याकाठी जायचं, अनवाणी. लहानपणी मी एकदा चुलीपाशी विचारलं होतं, तर बाची चापट बसली होती. त्या दिवशी त्याच बाने सरांपुढे हात जोडले.

"सायेब, नदीवर चला. तिथं समदं सांगतो. छपराखाली नाय बोलायचं ते."

सर हसले. "बाहेर ऊन किती आहे! माहीत नसेल तर नाही म्हणा, त्यात काय." मग विद्यार्थिनीकडे वळून म्हणाले, "लिही, माहिती नाही."

पुढे वकिलांनी ऑफिसात मला आणि बाला बोलावून अहवालाची प्रत दिली. बोली प्रमाण मराठी. नाचात सहजता नाही. मृत्युविधींबाबत अनभिज्ञ. जमातीशी आप्तभाव आढळत नाही. म्हणजे शिकले म्हणून मी खोटी. न शिकता गावातच राहिले असते तर खरी, पण मग दाखला मागितला कुणी असता? इकडे आड, तिकडे विहीर.

अहवालाला सरांच्याच पुस्तकातली चार पानं जोडली होती. मयताचं प्रकरण. बाचा चष्मा गावी राहिला होता. मी वाचायला लागले तसा तो उठला. "इथं नको. नदी नाय तर नाय, छपराबाहेर तरी चल." आवारातल्या लिंबाखाली चपला काढून उभे राहिलो आणि मी वाचलं. मृताला हळद लावतात. पाच बाया मुसळाभोवती फेऱ्या घालतात, गाणी म्हणतात.

बा आधी चमकला, मग हसतच सुटला. "अगं, हे तर लगीन हाय!"

शेवटच्या पानावर फोटो होता. हातात काठी, डोक्याला फडकं. खाली छापलेलं, 'माहिती देणारा वृद्ध आदिवासी'. नाव नाही. तो माझा आजा.

बाला आठवलं. तरुणपणी सर आमच्या घरी आठ दिवस राहिले होते. आजाने त्यांना नागलीची भाकरी घातली. पाहुण्याला नाही म्हणता येत नव्हतं आणि छपराखाली मयत बोलता येत नव्हतं. म्हाताऱ्याने लग्न सांगितलं. सरांनी मरण म्हणून लिहून घेतलं. कधी एक मयत बघायला आले नाहीत. आणि त्या पुस्तकावरून आता आमच्या लेकरांचे दाखले तपासतात.

वकील भला माणूस. म्हणाले, "मॅडम, सोपं आहे. पुस्तकातलं सगळं आम्ही पाळतो, असं प्रतिज्ञापत्रात लिहू. सरांना बोलायला जागाच राहणार नाही."

"पण ते खोटं आहे."

"मग आजोबा खोटं बोलले असं लिहू? की खरे विधी तुम्ही कोर्टात सांगाल?"

कोर्टालाही छप्पर असतंच. आठवडाभर झोप नाही. पुस्तक खरं म्हटलं तर माझी नोकरी वाचत होती आणि माझ्यामागून येणाऱ्या पोरीला हेच लग्न मरण म्हणून पाठ करावं लागणार होतं.

वकिलांनी कागद टाइप करून आणला. हळद, मुसळ, पाच फेऱ्या. खाली माझ्या सहीची जागा. मला फरशीवर वाजलेले माझे बूट आठवले. राग आला. सरांचा आलाच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा. मी का उठले होते त्या खुर्चीतून?

मी त्या कागदावर तिरकी रेघ मारली. "नवीन लिहा," म्हटलं. "पुस्तकात छापलेलं मरण हे आमचं लग्न आहे. फोटोतला माणूस माझा आजा आहे. छपराखाली जे सांगता येतं तेच त्याने सांगितलं. माझ्या बानेही तेच पाळलं. या पाळण्यालाच अहवालात अज्ञान म्हटलंय."

वकील म्हणाले, "नोकरी जाऊ शकते."

"माहीत आहे."

बाने चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि मान हलवली. मग सहीच्या वर मी माझ्या हाताने आणखी दोन ओळी घातल्या. मी यापुढे कुणापुढेही नाचून दाखवणार नाही. ज्यांना मला तपासायचं असेल त्यांनी नदीवर यावं, पायातलं काढून.