प्रबंधात न बसलेला आडोसा

निवृत्त झाल्यापासून मी समाजशास्त्राच्या प्रबंधांचं मराठी सुधारून देते. सक्करदऱ्याच्या घरी गठ्ठे येतात आणि दरवेळी पहिलं वाक्य तेच, की मानव हा समाजशील प्राणी आहे. अरे, पण नाही कोण म्हणून राहिलं? गाइडच्या प्रबंधात ते असतं म्हणून विद्यार्थ्याच्या प्रबंधात येतं, आणि गाइडने ते त्याच्या गाइडकडून उचललेलं असतं. वाचलेलं कोणीच नसतं. मला या लोकांची किळस येते आणि मी ती लपवत नाही.

म्हणूनच मागल्या वर्षी काटोलची एक मुलगी आली तेव्हा बरं वाटलं. संत्र्याच्या बगिच्यांत तोडणी-छाटणी करणाऱ्या बायांवर तिचा प्रबंध होता. तिची आईही त्यातलीच. तिने सरळ लिहिलं होतं, 'बगिच्यात आडोसा नाही, म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत.' इतकी वर्षं कॉलेजात शिकवलं, असं वाक्य मला कोणी लिहून दाखवलं नव्हतं. तिच्या गाइडने 'आडोसा'भोवती लाल गोल काढून बाजूला शेरा मारला होता: भाषा शास्त्रीय करा.

हे महाशय व्यासपीठावर 'तळागाळातला माणूस' म्हणताना गहिवरतात, आणि त्याच माणसाचा शब्द कागदावर दिसला की नाक मुरडतात. भाषा बदलल्याशिवाय सही नाही, म्हणाले. प्रबंध जमा करायला आठ दिवस उरले होते. तारीख चुकली की नोंदणी रद्द, सहा वर्षं वाया. मुलगी रडली-बिडली नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्हीच करून द्या. मले सही पाहिजे."

मला खरं तर त्या गाइडशी भांडायचं होतं. पण ज्या भाषेला मी शिव्या घालते ती मला झोपेतही येते, हेही खरं. बसले आणि लिहिलं: 'उत्तरदात्रींमध्ये कार्यकालीन जलसेवनाचे प्रमाण अत्यल्प असल्याचे निदर्शनास येते.' बाया गेल्या, बगिचा गेला, आडोसा गेला. कारणही गेलं, आणि ते गेल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही, हीच तर या भाषेची सोय. शेवटी शिफारशी लागतात, म्हणून एक शिफारसही ठोकून दिली, की पाणी पिण्याबाबत स्त्री-मजुरांत जनजागृती करावी. गाइडने लगेच सही केली. आता वजन आलं, असं म्हणाले म्हणे.

व्हायवा सगळ्यांसाठी खुली असते. तिची आई इस्त्रीची साडी नेसून शेवटच्या रांगेत बसली होती, मी तिच्या शेजारी. बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी ती शिफारस मोठ्याने वाचली, फार मोलाची आहे म्हणाले, आणि कोणाला काही विचारायचं आहे का, असं रीतीप्रमाणे विचारलं. यावर कोणी उठायचं नसतं. बाहेर चहा-समोसे तयार असतात. आई उठली.

"साहेब, पाणी प्या लागते हे आम्हाले समजते. पण मग जावं कुठं? ते काहून नाही लिहिलं?"

परीक्षकांनी कागदातून डोकं वर काढलं. गाइडचं तोंड उतरलं. सगळे मुलीकडे पाहून राहिले होते. मी मनात म्हटलं, सांग वं, आता तरी सांग. तुझ्या मूळ खर्ड्यात आहे ते सगळं.

तिने आईकडे पाहिलंच नाही. खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता ती म्हणाली, "सदर मुद्दा प्रस्तुत अभ्यासाच्या कक्षेत येत नाही."

परीक्षक समाधानाने हसले. टाळ्या झाल्या. आई हळूच खाली बसली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळून तिने विचारलं, पोरगी पास झाली ना?

झाली, म्हटलं मी.