दुर्गाबाईचा कासोटा

दुर्गाबाई माझी थोरली बहीण. आम्हा दोघींना अमरावतीजवळच्या एकाच घरात दिलेलं, म्हणून थोरली जाऊही तीच. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी कामात जेमतेम. माझं सगळं बळ जिभेत.

एकसष्ट सालच्या वेचणीत एक दिवस ती लुगडं गोल नेसून शेतात आली. पायांमधून मागं खोचायचा कासोटा नाही. असं शहरातल्या बाया नेसायच्या. कपाशीच्या पऱ्हाटीत तिचं लुगडं पावलोपावली अडकत होतं. मला चेवच आला.

"पाहा वं बायाहो, आमची बाई मडमीन झाली! आता कापूस वेचाले नोकर ठेवते का वं?"

सगळी ओळ हसली. बाई मान खाली घालून वेचत राहिली. आठ दिवस मी तिला असं पिडलं. नवव्या दिवशी ती कासोटा घालून आली आणि मी जिंकल्यासारखी मिरवले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

तीन वर्षांनी तिला अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं. अवघड जागी गाठ झाली होती, ती कापून काढली. तिथली कातडी कितीतरी वर्षं पांढरी पडून खाजत होती, फाटत होती. घरात हे एकट्या तिच्या नवऱ्याला, महादेवरावांना ठाऊक. मी उशाशी बसले, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी त्यावर बोलली.

"सारं करून पाह्यलं वं. निंबाच्या पान्यानं घटकाभर थंड वाटे. जांभळ्या औषधानं नुसती आग होये. डाक्टरीनबाईच्या मलमानं मात्र सुरुवातीले झोप लागली मले. त्या म्हनल्या, हे रोज लावलं तं कापाचं काम नाही पडत."

"मंग सोडलं काहून?"

"मलम नाही सोडलं. लुगड्यालेच पुसलं जाये. कासोटा घासे, अन् फाटलेलं आनखी फाटे."

मी चिडले. जीभ नेहमीसारखी पुढे धावली.

"मंग कासोटा सोडाचा होता ना! एवढं समजत नव्हतं तुले?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"सोडला होता ना वं," ती म्हणाली. "आठ दिवस."

तिनं पाणी मागितलं, मी पाजलं. निम्मं तिच्या गळ्यावर सांडलं. तिनंच पदरानं पुसून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेली. बायांनी तिला आंघोळ घालून नवं लुगडं नेसवायला घेतलं. त्याच बाया, वेचणीच्या ओळीतल्या. एकीनं कासोट्यासाठी निऱ्या हातात धरल्या, तशी मी ओरडले.

"कासोटा नका घालू वं तिले! गोल नेसवा."

या वेळी कुणी हसलं नाही.