मर्लची अंडी आणि माझी रेती

मर्ल ट्रेझाइझ ऐंशीची. तिचा-माझा शेजार पंचेचाळीस वर्षांचा. आमच्या ट्रेगन गावात कुणाकडे बाळ जन्मलं की आठवड्याच्या आत मर्लची सहा अंडी दारात हजर, आणि मग दर आठवड्याला. आधी बाळंतिणीनं खायची, पोर खायला लागलं की त्यानं. तिला स्वतःला मूल झालं नाही. त्यावर ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. पण कुठलं पोर तिच्या कुठल्या कोंबडीच्या अंड्यांवर वाढलं, हे तिला तोंडपाठ होतं.

आता रेतीचं सांगते, कारण ती चूक माझी. गावामागे जुन्या सोन्याच्या खाणीचा पांढरट ढीग आहे. दगड दळून सोनं काढल्यावर उरलेली रेती. तिच्यात गवत उगवत नाही, किडामुंगी फिरकत नाही, म्हणून आम्ही शहाणी माणसं ती वाटेवर, अंगणात, पोरांच्या खेळायच्या जागेत, कुठेही ओतायचो. फुकटची आणि वर स्वच्छ! एकदा मर्लच्या कोंबड्यांना पिसवा झाल्या. तिचा नवरा विल्फ औषध आणायला निघाला होता. मी कुंपणावरून म्हटलं, "औषध कशाला रे? ढिगावरून दोन हातगाड्या रेती आण नि खुराड्यात पसर." बिचाऱ्यानं वीस आणल्या. जिथं गवताचं पातं जगत नाही तिथं कोंबड्या कशा काय फिरवायच्या, हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही.

विल्फ जाऊन बारा वर्षं झाली. गेल्या सप्टेंबरात टॅमसिन पास्को गावातल्या घरांची माती तपासायला आली. ही पोरही मर्लच्या अंड्यांवरच वाढलेली. आता विद्यापीठात माती तपासते. मर्लच्या स्वयंपाकघरात बसून तिनं खुराड्यातली माती पाण्यात हलवली, गाळली आणि त्यात कागदाची एक लालसर पट्टी बुडवली.

"यावर सोन्याचे नॅनोकण आहेत, मावशी. इतकं बारीक सोनं पिवळं नाही, लाल दिसतं. खाणीच्या रेतीत आर्सेनिक असतं. ते पाण्यात उतरलं की हे कण एकमेकांना बिलगतात आणि पट्टी निळी पडते."

"आर्सेनिक म्हणजे सोमलच ना?" मर्ल म्हणाली. "म्हणजे आमच्या आजोबांनी खणलेलं सोनं आता त्यांचीच चुगली करणार म्हण की."

चहा निवायच्या आत पट्टी निळी झाली. अंडी प्रयोगशाळेत गेली आणि नवव्या दिवशी कळलं, त्यांतही सोमल आहे. तो कागद घेऊन टॅमसिन आली तेव्हा मी तिथंच होते.

"पोरांना काही झालं असेल का गं?" मर्लनं विचारलं.

"पट्टी मातीचं सांगते, मावशी. इतक्या वर्षांपूर्वीचं आता कुणालाच सांगता येणार नाही. पण अहवालात घराचा नुसता नंबर असेल. तुमचं नाव कुठंही येणार नाही."

"अंड्यांवर नंबर नव्हता," मर्ल म्हणाली. "मी दिली होती."

रेतीचं नाव काढायला माझी जीभ उचलली नाही. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

दुसऱ्या दिवसापासून मर्ल घरोघर जायला लागली. अंडी दिलेल्या घरांची यादी तिनं केली होती, एक्केचाळीस घरं. दारात उभं राहून एकच सांगायची, "रेती आमच्या खुराड्यातली, चूक माझी. पोरांना डॉक्टरला दाखवून घ्या." कुणी चहा दिला. कुणी तोंडावर दार लावलं. एकीनं अंड्यांचा रिकामा डबा तिच्या फाटकाला टांगला. चॅपलमध्ये तिच्या बाकावर माणसं बसेनाशी झाली. दुकानात कुणीतरी "विष वाटणारी म्हातारी" म्हणालं, ते माझ्या कानांनी ऐकलं, आणि पाव घेऊन गुपचूप घरी आले. केलं कुणी, भोगतंय कोण! रोज ठरवायचे, उद्या बोलेन.

इकडे टॅमसिनच्या माणसांनी कोंबड्या नेल्या, वरची रेती खरवडून काढली आणि खालच्या मातीत काळं पाणी मुरवलं. लोखंडाचे नॅनोकण होते त्यात.

"चुंबकासारखं ओढतं का हे?" मर्लनं विचारलं.

"नाही. हे लोखंड मातीत गंजतं आणि सोमल त्या गंजाला चिकटून बसतो. मग पाण्यात उतरत नाही."

सहा आठवड्यांनी पुन्हा पट्टी बुडवली. लालच राहिली. टॅमसिन रडली. संध्याकाळी मर्ल माझ्या दारात आली, हातात यादी.

"शेवटचं घर राहिलं," ती म्हणाली. "तुझ्या लेकीला, आयरिसला, दिली होती अंडी. रेती आमच्या खुराड्यातली, चूक..."

"मर्ल, रेती आणायला मी सांगितलं होतं."

"ठाऊक आहे. मी खिडकीत होते तेव्हा."

"मग बोलली का नाहीस कुठं?"

"मी माझं बोलले," ती म्हणाली. "तुझं तू बोलशील म्हणून थांबले होते. चाळीस घरं थांबले."

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी यादी मागितली. तिनं दिली आणि घरी गेली.

सकाळी टोपी घातली आणि यादीतलं पहिलं दार वाजवलं. पास्कोंच्या थोरल्या सुनेनं उघडलं.

"अंड्यांचं सांगायला आलात ना? मर्ल मावशी येऊन गेल्या."

"नाही," मी म्हटलं. "रेतीचं सांगायला आले."