मास्तर तत्त्वज्ञान शिकायला जातात

ड्रायव्हिंग स्कूलचा फोन काकू उचलायच्या आणि गाडी मास्तर शिकवायचे. या वाटणीवर धंदा आणि संसार दोन्ही वर्षानुवर्षं बिनबोभाट चालले होते. मास्तर बोलण्यात अघळपघळ. काकू मोजकंच बोलायच्या, पण त्या बोलल्या की विषय संपला.

एका सकाळी कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई गाडी शिकत होत्या. गल्लीतून अचानक सायकलवाला आडवा आला. गाडी कचकन थांबली आणि तो चार शिव्या हासडून निघून गेला. शिकवायच्या गाडीत ब्रेक दोघांच्याही पायाशी असतो. बाईंनी घाम पुसत विचारलं, "मास्तर, वाचवलं कुणी? तुम्ही की मी?"

"दोघांनीही दाबला असणार."

"आणि धडकलो असतो, तर दोष कुणाचा?"

मास्तर आपल्या पायाशी असलेल्या ब्रेककडे बघायला लागले. बाई हसून म्हणाल्या, "यावर लोक पूर्वापार भांडताहेत. मी तेच तर शिकवते. तत्त्वज्ञान."

झालं, मास्तरांच्या डोक्यात भुंगा शिरला. जेवताना घास हातातच राहायला लागला. काकूंना आधी वाटलं, बीपी वाढलं असेल. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"काय चाललंय तुमचं?"

"बी.ए. करावं म्हणतो. तत्त्वज्ञानात."

काकूंना सगळं ठाऊक होतं. वडील अंथरुणाला खिळले म्हणून हा माणूस बारावीनंतर जो स्टिअरिंगला चिकटला, तो आजतागायत. पण रस्त्यात पुस्तकाचं दुकान लागलं की अजूनही त्याचा पाय निघत नसे.

"मग करा की," त्या म्हणाल्या. "विचारताय कुणाला?"

कॉलेज सकाळचं होतं. दोघं तीन वर्षांची आखणी करायला बसले. दुसऱ्या वर्षी नीतिशास्त्र, तिसऱ्या वर्षी मनाचा अभ्यास, हे मास्तरांना पसंत होतं. पहिल्याच वर्षाच्या तर्कशास्त्राची मात्र त्यांना धास्ती वाटत होती.

"त्यात गणितासारखी चिन्हं असतात म्हणे. मागाहून घेतलं तर?"

"सक्तीचं आहे ते. आणि रिव्हर्सला घाबरणाऱ्यांना तुम्ही काय सांगता?"

"आधी तोच शिका म्हणून."

"मग झालं तर."

खरी अडचण सकाळच्या बॅचची होती. मास्तर म्हणाले, बंद करू. पण गाडी काकूंनाही उत्तम यायची. शिकवायच्या परवान्याची परीक्षा त्यांनी दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या.

थोरल्या दिरांनी मात्र नाक मुरडलं. "पन्नाशी उलटल्यावर हे काय खूळ? तत्त्वज्ञानानं पोट भरतं का?"

"पोटाचं आम्ही बघतोय, भावोजी," काकू म्हणाल्या. "हे डोक्यासाठी आहे."

प्रवेशाच्या मुलाखतीला काकू सोबत गेल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. दार अर्धवट उघडं होतं. विभागप्रमुखांनी विचारलं, हाच विषय का? मास्तर आता गाडी, रस्ते, सगळं पुराण लावणार, या धास्तीनं काकूंनी डोळे मिटून घेतले.

"शिकणाऱ्यांना मी रोज म्हणतो, चूक तुझी," मास्तर म्हणाले. "चूक कशाला म्हणायचं, ते एकदा नीट समजून घ्यायचंय."

एवढंच. इतकं कमी बोलताना काकूंनी त्यांना उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीला त्यांनी उगाचच सांगितलं, "आत आमचे हे आहेत."

पहिल्या सहामाहीत तर्कशास्त्रात मास्तर वर्गात दुसरे आले. आपली लेकरं शोभावीत अशा वयाची पोरं त्यांच्याकडे शंका विचारायला यायला लागली.

त्याच आठवड्यात सकाळच्या बॅचला एक नवे गृहस्थ आले. शेजारी काकूंना पाहून ते जरा बावरले.

"मास्तर नाहीत का?"

"कॉलेजला गेलेत."

"मुलीला सोडायला?"

"शिकायला. तत्त्वज्ञान घेतलंय त्यांनी," काकू म्हणाल्या आणि, एरवी मोजकं बोलणाऱ्या त्या, पुढच्या चौकापर्यंत तर्कशास्त्राच्या मार्कांबद्दल बोलत राहिल्या.