चार पॉइंट चार अँपिअर

वॉर्डन मॅडमनी माझी विजेची शेगडी पॅसेजच्या मधोमध आणून ठेवली. चोरीचा माल मांडतात तशी. भोवती होस्टेलच्या सगळ्या मुली उभ्या केल्या आणि मला म्हणाल्या, "तू हिच्याशेजारी उभी राहा. बघू दे सगळ्यांना."

मी उभी राहिले. हाताला कणीक तशीच.

पहाटे जिन्याजवळच्या बोर्डातून धूर निघाला होता. वायर वितळली, पोरी रडत खाली पळाल्या. कुणाला इजा झाली नाही. पण दुपारी संस्थेचे लोक बघायला येणार होते. त्यांच्यापुढं कुणाला तरी उभं करायला हवं होतं.

"डोंगरातून येता तुम्ही. आकडे टाकून दिवे लावायची सवय. इथं चोरून तीन हजार वॉटची शेगडी चालवलीस."

आकडा टाकायला खांब लागतो. यावलच्या वर, आमच्या पाड्यावर, मी लहान असताना खांबच नव्हता. पण हे बोलले नाही. दुसरं एक तोंडात आलं होतं, तेही बोलले नाही. शेगडी मॅडमनीच दिली होती. त्यांच्या घरातली जुनी. "हिवाळ्यात चहापुरती वापर," म्हणाल्या होत्या.

आता कुणी विचारेल, का नाही बोललीस? त्या बाईचे माझ्यावर उपकार होते. सहावीत शाळा सुटली. मायबरोबर केळीच्या बागांत घड वाहून खांदे सोलून घेतले. नवरा गेल्यावर दोन एसट्या बदलून धुळ्याला आले, तेव्हा ह्याच मॅडमनी स्वयंपाकाचं काम दिलं, जिन्याखालची खोली दिली. दोन वर्षं रोज सकाळी मनात त्यांना हात जोडायची. आणि रोज भ्यायची. आज काढतील, उद्या काढतील. भीती आणि उपकार, मला दोन्ही एकच वाटायचं.

मॅडमनी कागद पुढं केला. मी चोरून शेगडी वापरली, तिच्यामुळं आग लागली, असं त्यावर लिहिलेलं. "इथं सही कर. येत नसेल तर अंगठा दे."

मला सही येते. मला आणखीही काही येत होतं.

शिंदखेड्याची एक मुलगी होस्टेलला होती, पॉलिटेक्निकला. इलेक्ट्रिकल. तिला जर्नलसाठी रीडिंग घ्यायची होती, म्हणून माझ्या खोलीत यायची. मी पहिल्यांदा मीटरच्या चिमट्यात शेगडीची अख्खी वायर धरली. मीटर शून्यावर. मी म्हटलं, "तुझं यंत्र मेलं." ती पोट धरून हसली. "मावशी, दोन्ही तारा धरल्या की जाणारा करंट आणि येणारा करंट एकमेकाला खातात. एकच तार धर." एकच धरली. चार पॉइंट चार अँपिअर. सॉकेटला दोनशेवीस व्होल्ट. तिनं पेन माझ्याच हातात दिलं. व्होल्टला अँपिअरनं भागलं, पन्नास ओहम. हा शेगडीच्या तारेचा रोध. व्होल्ट गुणिले अँपिअर, नऊशे अडुसष्ट वॉट. सहावीनंतर पहिल्यांदा मी भागाकार केला होता. बरोबर आला म्हणून रडले. त्या पोरीचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

म्हणून कागद हातात घेतला आणि म्हणाले, "मॅडम, ही शेगडी हजार वॉटचीसुद्धा नाही. चार पॉइंट चार अँपिअर घेते. आम्ही मोजलंय. दोन वर्षांत हिच्यानं फ्यूज एकदाही उडाला नाही. ह्याच लाइनीवर दिवाळीत तुमच्या क्वार्टरचा गिझर जोडला. त्याच्यावर तीन हजार लिहिलंय. तीन हजार भागिले दोनशेवीस, साडेतेरा अँपिअरच्या वर. फ्यूज दहाचा. तो उडायला लागला, तेव्हा नानांना सांगून त्यात जाड तार तुम्ही घालायला लावली. म्हणून फ्यूज उडाला नाही. वायर जळली."

माझा आवाज कापत होता. आकडे कापत नव्हते.

मॅडम हसल्या. "सहावी शिकलेली मला वॉट शिकवते! कुणी मोजलं गं? बोलाव की."

मी शिंदखेड्याच्या मुलीकडं बघितलं. तिनं खाली बघितलं. तिची होस्टेलची जागा मॅडमच्या हातात होती. मी तिचं नाव घेतलं नाही.

नाना म्हणजे वॉचमन, मायच्या वयाचे. त्यांना विचारलं, "नाना, तार कुणी घालायला लावली?" ते जवळ आले, हळूच म्हणाले, "बाई, सही करी टाक ना. तुनं काय जास? काम तरी ऱ्हाई."

मी कागद मॅडमच्या हातात परत दिला. सहीविना.

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी पाहिजे," त्या म्हणाल्या.

मुली एकेक करून पांगल्या. त्यांच्या आजारपणात मी भाताची पेज करून द्यायचे. एकीनंही मागं वळून बघितलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटते. लग्नसराई संपली की काम संपतं. मागच्या आठवड्यात नानांचा फोन आला. मॅडम म्हणतात, परत ये, खोली देते, काम देते, फक्त तो कागद तेवढा सही कर, चौकशी मिटवायची आहे. मायला कळलं, तर ती फोनवर रडली. "करून टाक गं. आपण गरीब. एका सहीनं काय होतं?"

माय, मला अजून भीती वाटते. सकाळी उठल्या उठल्या वाटते. मॅडमनी मला आसरा दिला, तेही मी नाकारत नाही, कुणी विचारलं तर सांगीन. पण जी आग मी लावली नाही, ती लावली म्हणून लिहून देणार नाही. खोलीसाठी नाही. तू रडलीस, तरी नाही. चौकशीवाले आले तर त्यांच्यापुढं उभी राहीन, आणि ते ऐकोत की न ऐकोत, पहिल्या आकड्यापासून सगळं पुन्हा सांगीन.